मुष्टियुद्धाच्या आखाड्यातली नाट्यशाळा

५ डिसेंबर १९५६ रोजी पॅरिसमध्ये, आम्स्टरडॅम रस्त्यावरच्या ९४ क्रमांकाच्या जागेत जाक लकॉक यांनी आपली नाट्यशाळा सुरू केली. महिनाभरातच जागा बदलावी लागली आणि शाळेने बाक रस्त्यावर ८३ क्रमांकात बिऱ्हाड केले. तिथे ती ११ वर्षे टिकली. शाळा काढणारे गृहस्थ तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. ते गाजलेले नट नव्हते, नाटककारही नव्हते. मूळचे व्यायामशिक्षक. इटलीत आठ वर्षे काढून ते परतले होते आणि सोबत चामड्याचे काही मुखवटे घेऊन आले होते. एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या या शाळेने पुढच्या अर्धशतकात युरोपच्या रंगभूमीवरचा नट कसा चालतो, कसा थांबतो आणि कसा हसवतो, हे बऱ्याच अंशी बदलून टाकले.

परदेशी शाळेचा इतिहास आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आपल्याच शिबिरांत सापडेल. ‘पाणी व्हा’, ‘आग व्हा’, ‘मांजर व्हा’ असे सांगून मुलांना हॉलभर फिरवणारे प्रशिक्षक आता तालुक्याच्या गावीही भेटतात. कोणी कोरा मुखवटा चढवून चालायला लावतो, कोणी शेवटच्या दिवशी लाल नाके वाटतो. हे खेळ कुठून आले, हे शिकवणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्यांतल्या सगळ्यांचा नाही, तरी बऱ्याच खेळांचा उगम लकॉक यांच्या वर्गात आहे. उगम विसरला की खेळ तेवढा हाती राहतो आणि त्यामागचा क्रम हरवतो. लकॉक यांच्या शाळेत तर सगळी मातब्बरी क्रमाचीच होती. आधी काय, मग काय आणि सगळ्यांत शेवटी काय, हे त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे घासूनपुसून ठरवले होते.

लकॉक यांचा जन्म पॅरिसचा, १५ डिसेंबर १९२१ चा. सतराव्या वर्षी ते व्यायामशाळेत जाऊ लागले. डबलबार आणि सिंगलबारवर झोके घेताना त्यांच्या लक्षात आले की हालचालीला स्वतःची भूमिती असते. धाव, उसळी, हवेतला तो अधांतरी क्षण आणि जमिनीवर उतरणे यांत एक लय असते, आणि ती लय नुसती बघणाऱ्याच्या अंगातही उमटते. मल्लखांबावर सुळकी बघताना ज्याचा श्वास अडकला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४१ मध्ये बागातेलच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात त्यांना जाँ-मारी काँती भेटले. काँती बास्केटबॉलचे आंतरराष्ट्रीय खेळाडू, आणि त्याच वेळी आंतोनँ आर्तो व जाँ-लुई बारो या रंगकर्मींचे मित्र. खेळाचे मैदान आणि रंगमंच यांच्यात दार आहे हे लकॉक यांना काँतींमुळे कळले. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली होता. अशा दिवसांत काही तरुण मंडळी व्यायाम, नृत्य आणि उत्स्फूर्त नाटक यांचे प्रयोग करत होती, त्यांत लकॉक शिरले ते कायमचे.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये जाँ दास्ते यांनी त्यांना ग्रनोब्ल शहरातल्या आपल्या नाटकमंडळीत बोलावले. काम होते नटांकडून व्यायाम करून घेण्याचे. दास्ते हे जाक कोपो यांचे जावई, आणि कोपो म्हणजे विसाव्या शतकातल्या फ्रेंच रंगभूमीचे एक कुलगुरू. कोपो यांच्या शाळेतली एक गोष्ट पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. एक नटी संकोचामुळे तालमीत अवघडून जात असे. कोपो यांनी तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला, आणि चेहरा झाकल्याबरोबर तिचे अंग बोलू लागले. या रुमालातून त्या शाळेतला मुखवट्याचा अभ्यास वाढला. दास्ते यांच्याकडे तो ‘उदात्त मुखवटा’ म्हणून आला होता. ग्रनोब्लमध्ये लकॉक यांनी तो पहिल्यांदा चढवला.

१९४८ मध्ये जानफ्रांको दे बोसिओ यांच्या निमंत्रणावरून लकॉक इटलीत पादुआला गेले. विद्यापीठाच्या नाट्यगृहात थोडे दिवस शिकवावे आणि परत यावे, एवढाच बेत होता. राहिले आठ वर्षे. माझ्या मते शाळेचा खरा पाया पॅरिसमध्ये घातला गेलाच नाही, तो पादुआतच पडला. तिथे त्यांना आम्लेतो सार्तोरी हे शिल्पकार भेटले. जुन्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या मुखवट्यांच्या लोकनाट्याचे चामडी मुखवटे करण्याची विद्या इटलीत जवळजवळ मेलेली होती. लाकडी साच्यावर ओले चामडे ठोकून ठोकून बसवण्याची ती कला सार्तोरी यांनी चुकत-माकत पुन्हा जमवली. लकॉक मुखवटा चढवून बघत, कुठे नाक खोटे बोलते आणि कुठे भुवई जास्त बोलते ते सांगत, आणि सार्तोरी पुन्हा साच्याकडे वळत. या देवाणघेवाणीतून ‘तटस्थ मुखवटा’ जन्मला. तो हसत नाही, रडत नाही, रागावत नाही. त्याला भूतकाळ नाही आणि कशाची अपेक्षाही नाही. हाच मुखवटा पुढे शाळेचा मुख्य शिक्षक झाला असे म्हटले तरी चालेल.

कोमेदियाचा अभ्यासही लकॉक यांनी ग्रंथालयात बसून केला नाही. पादुआच्या बाजारात, शेतकऱ्यांच्या घासाघिशीत त्यांना तिच्यातली माणसे जिवंत भेटली. अर्लेकिनोचे कोलांट्या मारणारे गोजिरे रूप त्यांना पटत नसे. त्या पात्राच्या पोटात भूक असते, अंगात भीती असते, म्हणून तो उड्या मारतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्या तमाशातला सोंगाड्या ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे पटायला वेळ लागू नये. पुढे मिलानमध्ये जॉर्जियो स्ट्रेलर आणि पाओलो ग्रासी यांच्या ‘पिक्कोलो तेआत्रो’ची नाट्यशाळा उभी करण्यात लकॉक यांचा हात होता, ते साल १९५१. सार्तोरींना त्यांनीच स्ट्रेलरकडे नेले. तरुण दारिओ फो, फ्रांको परेंती आणि जुस्तिनो दुरानो यांच्या १९५३ च्या गाजलेल्या उपहासनाट्यात हालचालींची बाजू त्यांनी सांभाळली. हेच फो पुढे १९९७ मध्ये साहित्याचे नोबेल घेऊन गेले. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या प्राचीन ग्रीक रंगस्थळी लकॉक यांनी शोकांतिकांच्या कोरसची हालचाल बसवली. इतक्या मोठ्या उघड्या जागेत पंधरा माणसांनी एका अंगाने कसे वागायचे, हा प्रश्न त्यांना तिथे पडला आणि जन्मभर पुरला.

ही सगळी पुंजी घेऊन ते १९५६ मध्ये पॅरिसला परतले.

त्या काळी पॅरिसमध्ये मूकाभिनयाची चलती होती. एत्येन दक्रू आणि मार्सेल मार्सो यांची नावे सर्वतोमुखी होती. लकॉक यांच्या शाळेच्या नावातही सुरुवातीला मूकाभिनय होताच, त्यामुळे अनेक विद्यार्थी काचेची अदृश्य भिंत चाचपायला शिकू अशा समजुतीने येत. त्यांची निराशा होई. इथे मूकपणा हे साध्य नव्हते. शब्द उगवण्याआधी माणसाच्या अंगात जे चाललेले असते ते बघण्यासाठी काही दिवस तोंड बंद ठेवायचे, एवढेच त्याचे प्रयोजन. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. आपल्या मराठी रंगभूमीने, त्यातही संगीत नाटकाच्या आणि नंतरच्या संवादप्रधान नाटकाच्या परंपरेने, वाचिकाचे लाड जास्त केले. लकॉक यांनी वाचिकाला दाराबाहेर थांबवले आणि बाकीचे घर आवरून झाल्यावर आत घेतले.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी खूप विद्यार्थी घ्यायचे, आणि वर्षअखेर त्यांतले साधारण एकतृतीयांश पुढे न्यायचे, ही प्रथा पुढे रूढ झाली. निर्दयच म्हणायची. पण पहिले वर्ष स्वतःत पुरे असावे, तेवढे घेऊन गेलेल्यालाही काहीतरी हाती लागावे, अशी त्याची बांधणी होती.

सुरुवात व्हायची ती अगदी साध्या मूक प्रसंगांनी. त्यांतला एक शाळेच्या इतिहासात कायम राहिला : लहानपणीची खोली. पुष्कळ वर्षांनी तुम्ही आपल्या जुन्या घरी आलात, खोलीचे दार उघडले, एकेक वस्तू दिसू लागली. विद्यार्थी वस्तू उचलतो, लहान होतो, मग पुन्हा आजच्यात येतो. इथे एक मेख होती. ती खोली तुमचीच असली पाहिजे असा हट्ट नाही, आणि कुठली आठवण आली हे कोणी विचारत नाही. त्याच दशकात अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओत ली स्ट्रासबर्ग नटाला स्वतःच्या आयुष्यातली भावना उकरून काढायला शिकवत होते. लकॉक यांना ती वाट मान्य नव्हती. वर्गात कोणी रडला म्हणून अभिनय झाला असे ते मानत नसत. बघणाऱ्याला खोली दिसली का, एवढेच ते तपासत. स्वतःला मोकळे करणे आणि काहीतरी निर्माण करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा शाळेचा पहिला धडा.

मग तटस्थ मुखवटा. तो चेहऱ्याला चिकटून बसत नाही, थोडे अंतर राखतो. चढवल्याबरोबर आपल्या लकबी उघड्या पडतात. एक खांदा वर, मान जरा पुढे, चालताना पाय घासतो. चेहऱ्याने आजवर जे झाकून नेले ते सगळे अंग बोलून टाकते. मुखवट्याला दिलेले विषयही मोठे. जिवलग माणूस जहाजाने कायमचा निघाला आहे, धक्क्यावर धावत जाऊन त्याला निरोप द्यायचा. किंवा तो लांबचा प्रवास : पहाटे समुद्रातून बाहेर यायचे, किनारा, मग जंगल, डोंगर चढायचा, नदी ओलांडायची, आणि सूर्य मावळताना मोकळ्या मैदानात पोचायचे. जंगलात शिरताना ‘मी घाबरलो’ असे दाखवले की मुखवटा लगेच खोटा पडतो. जंगल दिसले पाहिजे. ज्या विद्यार्थ्याला ते जमते त्याला कळते की मी नाहीसा झालो नाही, उलट आजवर होतो त्यापेक्षा थोडा जास्त आहे.

यानंतर पाणी, आग, हवा, माती. मग तेल, रबर, कागद, काच अशी द्रव्ये. चुरगळलेला कागद सोडला की तो हळूहळू उलगडतो. ते उलगडणे अंगात कसे येईल? मग प्राणी, रंग, संगीत. आपल्या शिबिरांत हे खेळ इथेच संपतात. लकॉक यांच्याकडे इथून काम सुरू होत असे. एखाद्या माणसाचा राग उकळत्या पाण्याचा असतो, एखाद्याचा पेटत्या गवताचा, एखाद्याचा भेगाळत जाणाऱ्या मातीचा. पात्र उभे करताना नटाने आपल्याच रागाच्या कोठारात हात घालण्यापेक्षा जगाकडून राग उसना आणावा, अशी ही रीत. नंतर बाझल शहराच्या जत्रेतून आणलेले अर्धवट आकाराचे, अळीसारखे मोठे मुखवटे आणि मग भावमुद्रा असलेले मुखवटे येत. मूर्ख दिसणाऱ्या मुखवट्याखाली शहाणा माणूस खेळायचा, हाही त्यांतला एक धडा.

याच्या जोडीला रोजचा हालचालींचा तास असे, आणि तिथे जुना व्यायामशिक्षक जागा व्हायचा. ढकलणे आणि ओढणे, वल्हवणे, भिंत चढून पलीकडे उतरणे, ओझे फेकणे या क्रियांचे तुकडे तुकडे करून त्या पुन्हा जोडायच्या. वर्षअखेर प्रत्येकाने ठरलेल्या २० हालचाली स्वतः गुंफून एकट्याने सादर करायच्या. काही शिक्षणतज्ज्ञ याला कवायत म्हणून नाके मुरडत. लकॉक यांना मात्र अमुक भावना अमुक हावभावाने दाखवा, असा कोश तयार करायचा नव्हता. ढकलण्याची क्रिया नीट केली की विनवणीतही ढकलणे आहे हे नटाला आपोआप दिसते, असा त्यांचा विश्वास.

आवाजाचे कामही याच वाटेने. आवाजाची फेक म्हणून आपण जे शिकवतो त्यात गळा आणि पोटातला श्वास यांचाच विचार जास्त. लकॉक यांच्या वर्गात फेकणे आधी हाताने व्हायचे. थाळीफेकीसारखे अंग वळवायचे, सोडायचे आणि त्या सोडण्याबरोबर आवाज सोडायचा. तो कुठे पोचला, आधीच गळून पडला की पुढे निघून गेला, हे सगळ्यांना दिसे. शब्द आले की त्यांतली क्रियापदे आधी अंगाने करून बघायची. वर्गात अनेक देशांची मुले असत. प्रत्येकाने आपल्या भाषेतली कविता आणावी, ती ज्यांना समजत नाही त्यांनी तिच्या चालीने हलून बघावे, असे तास होत.

या शिकवण्यात शिक्षक ‘छान’ फारसे म्हणत नसे. काय मेलेले आहे तेवढे तो सांगे. लांबले, आधीच कळले, तू आम्हाला विसरलास, तू स्वतःलाच बघतो आहेस. उत्तर विद्यार्थ्याने शोधायचे. ही नकाराची वाट हुशार मुलांना फळली आणि भित्र्या मुलांना जड गेली, असे शाळेतून गेलेल्यांच्या आठवणी वाचताना जाणवते. ‘उद्या पुन्हा करून बघ’ एवढाच आधार पुरेसा नसतो, असे मला वाटते. पण त्या काळच्या पॅरिसमध्ये गुरूचे कौतुक हाच अभ्यासक्रम असलेल्या शाळाही होत्या, आणि त्यांच्या मानाने हे बरेच.

१९६८ च्या मे महिन्यात पॅरिस पेटले. विद्यापीठे बंद पडली, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि आम्ही आमचे शिकू अशी मागणी घेऊन जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या दारात उभे राहिले. कित्येक संस्थांनी पोलिस बोलावले, कित्येकांनी हात टेकले. लकॉक यांनी ती मागणी वेळापत्रकात घातली. त्या सुमारास ‘ओतोकूर’ रुजला : रोज दीड तास शिक्षकाविना वर्ग. विद्यार्थ्यांनी आपापले गट पाडायचे, दिलेल्या विषयावर स्वतः नाटुकले रचायचे आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्या शाळेपुढे करून दाखवायचे. विषय दोन ओळींचा. संहिता नाही, दिग्दर्शक नाही. भांडणे व्हायची, गट फुटायचे, कोणी रुसायचे, आणि तरीही आठवडा संपला की काहीतरी उभे करावेच लागायचे. शाळेतून पुढे एवढ्या नाटकमंडळ्या का निघाल्या, याचे उत्तर मला या दीड तासात दिसते. नट घडवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. इथे नाटक रचणारी टोळी घडत होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी याचेच मोठे रूप असे. अग्निशामक दल, इस्पितळ, बाजार अशा एखाद्या खऱ्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी काही आठवडे जाऊन राहायचे, माणसे आणि त्यांचे काम बघायचे आणि त्यावरून प्रयोग करायचा.

या धामधुमीच्या आगेमागे शाळेला बाक रस्त्यावरची जागा सोडावी लागली आणि काही वर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावे लागले. १९७६ मध्ये फोबूर सँ-दनी या गजबजलेल्या रस्त्यावर ५७ क्रमांकात जागा मिळाली. ‘ल सांत्राल’ नावाची ही वास्तू पूर्वी मुष्टियुद्धाचा आखाडा होती. उंच छत, वर सज्जा, मध्ये मोकळी जमीन. व्यायामशाळेतून नाटकात आलेल्या माणसाला अशी जागा मिळावी याहून योग्य काय? त्याच सुमारास वास्तुविशारद क्रिकोर बेलेकियान यांच्या साथीने तिथे हालचालींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू झाली. जागा, रंग आणि आकार आपल्या अंगाला कसे हलवतात हे नेपथ्यकार व वास्तुविशारदांनी शिकावे असा तिचा हेतू. लकॉक यांची कन्या पास्कल पुढे ती चालवू लागली.

दुसरे वर्ष मोठ्या नाट्यप्रदेशांचे : मेलोड्रामा, कोमेदिया, विद्रूप अंगाचे आणि जगाची खिल्ली उडवणारे ‘बूफों’, शोकांतिका आणि शेवटी विदूषक. शोकांतिकेची तयारी एका खेळाने होई. रंगमंच म्हणजे मधोमध टेकू दिलेली फळी आहे असे समजायचे. एक जण आत आला की ती कलते, ती सावरायला दुसऱ्याने समोर यायचे. मग तिसरा, मग समूह. शेवटी एका बाजूला नायक एकटा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा जणांचा कोरस, आणि फळी सपाट. एकट्या माणसाचे वजन पंधरा जणांएवढे कसे होते, हे सिराक्यूजमध्ये पडलेले कोडे इथे पायांनी सुटत असे.

विदूषक शाळेत आला तो साठच्या दशकात, आणि तो कसा आला ही शाळेच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी हकिगत आहे. कोमेदिया आणि सर्कशीतला विदूषक यांचा काही संबंध आहे का, हे लकॉक यांना बघायचे होते. त्यांनी मुलांना गोल बसवले आणि सांगितले, एकेकाने मध्ये यायचे आणि आम्हाला हसवायचे. मुलांनी कोलांट्या मारल्या, कोट्या केल्या, तोंडे वेडीवाकडी केली. कोणी हसेना. वर्ग कंटाळला, वातावरण जड झाले. लकॉक यांनी त्यांना थांबवून जागेवर बसायला सांगितले. फजिती झालेली मुले खजील होऊन, खांदे पाडून परत जाऊ लागली आणि त्याच क्षणी सगळे हसू लागले. ज्याला ते सादरीकरण समजत होते त्यात हसण्याजोगे काही नव्हते. हसू आले ते त्यांच्या उघड्या पडलेल्या माणूसपणाला.

तेव्हापासून विदूषक हा शाळेतला स्वतःच्या शोधाचा तास झाला. लाल नाक हा जगातला सर्वांत छोटा मुखवटा, असे लकॉक म्हणत. तो चढवून विद्यार्थ्याने आपली फजिती लपवायची नाही, ती घेऊन लोकांपुढे उभे राहायचे. ज्याचे पाय फेंगडे त्याने ते तसेच आणायचे, ज्याला आपण फार देखणे आहोत असे वाटते त्याने ते वाटणे आणायचे. मात्र हा तास दोन वर्षांच्या शेवटी येई, आणि ते जाणूनबुजून. तटस्थ मुखवट्याने आधी लकबी सोलून काढलेल्या असत. पाणी, माती, प्राणी, कोरस या सगळ्यांतून अंग जगाशी ओळख करून आलेले असे. अशा नटाला ‘आता तू’ म्हटले तर तो स्वतःला भेटायला तयार असतो. पहिल्या दिवशीच ‘स्वतःचा शोध घ्या’ म्हणणाऱ्या शिबिरांत मुले सापडतात ती आपल्या दुखण्यांना, आणि शिक्षकाला ती दुखणी हाताळता येतातच असे नाही.

शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांची यादी लांब आहे, ती इथे भरत बसत नाही. आरियान म्नुश्किन इथे शिकल्या आणि १९६४ मध्ये त्यांनी ‘तेआत्र द्यु सोलेय’ ही मंडळी काढली. भारताच्या फाळणीवरचे ‘लँदियाद’ हे त्यांचे १९८७ चे नाटक. सायमन मॅकबर्नी आणि मार्चेल्लो मान्यी यांची गाठ इथेच पडली आणि १९८३ मध्ये लंडनमध्ये ‘काँप्लिसिते’ उभी राहिली. रामानुजन आणि हार्डी या गणितज्ञांवरचे त्यांचे ‘अ डिसअपिअरिंग नंबर’ २०१० मध्ये मुंबईतही झाले. आपल्यातल्या काही वाचकांनी ते पाहिले असेल. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री रश, इंग्लंडचे स्टीव्हन बर्कॉफ, ‘आर्ट’ लिहिणाऱ्या यास्मिना रेझा, दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज आणि ‘द लायन किंग’ रंगमंचावर आणणाऱ्या ज्युली टेमर हेही याच शाळेतले. फिलिप गोलिए यांनी इथे शिकवले आणि पुढे स्वतःची शाळा काढली. विदूषकाच्या बाबतीत त्यांचे नाव आज गुरूइतकेच घेतले जाते. या सगळ्यांचे काम एकमेकांसारखे नाही, हेच शाळेचे मोठे प्रशस्तिपत्र.

उणिवाही होत्या. संहितेचा अभ्यास, लांब पल्लेदार वाक्य पेलण्याची तालीम, एका पात्राच्या मनात तीन अंक मुक्काम करणे, यांकडे शाळेने कमी लक्ष दिले. इब्सेन किंवा चेकॉव्ह करायचा असेल तर इथल्या नटाला दुसरीकडे काही शिकावे लागले असते. दुसरी गोष्ट, सगळी भिस्त एका माणसाच्या नजरेवर होती आणि त्याने फार उशिरापर्यंत काही लिहून ठेवले नाही. त्यांचे ‘ल कोर पोएतिक’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले, म्हणजे शाळा चाळिशी ओलांडल्यावर. तेही झाले नसते तर या क्रमाचा पत्ता बाहेरच्यांना लागलाच नसता.

१९ जानेवारी १९९९ रोजी लकॉक गेले. अखेरच्या काळापर्यंत ते वर्गात होते. त्यांच्या पत्नी फे, ज्या आधीपासून शाळेचा कारभार बघत, त्यांनी सूत्रे हाती घेतली. शिकवायला बहुतेक जुने विद्यार्थीच होते. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी तिसरे वर्ष असे, त्याचा उपयोग झाला. एकखांबी तंबू खांब पडल्यावर कोसळतो असा आपला अनुभव. इथे तसे झाले नाही, याचे श्रेय मी त्या वेळापत्रकाला देतो. काही वर्षांपूर्वी शाळेने पॅरिसमधला आखाडा सोडला आणि ती दक्षिणेला आविन्योंला गेली. याच आविन्योंजवळच्या दगडखाणीत १९८५ च्या नाट्यमहोत्सवात पीटर ब्रुक यांचे ‘महाभारत’ पहिल्यांदा झाले होते.

आपल्याकडे शिबिरे भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती करून थांबतो. तटस्थ मुखवटे परवडले नाहीत तरी चालेल, लाल नाके तर मुळीच वाटू नका. पण दिवसातला एक तास शिक्षकाने हॉलबाहेर जावे, मुलांच्या हाती दोन ओळींचा विषय द्यावा आणि आठवड्याच्या शेवटी त्यांनी जे उभे केले असेल ते इतरांबरोबर जमिनीवर बसून पाहावे. याला पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.